मशीनवर ठेवलेलं फडकं

मी आज जो काही आहे तो सर्वांत आधी अनसाबाईंमुळे आहे. त्या माझ्या नात्यातल्या नाहीत. कारंज्याच्या एका कापसाच्या जिनात माझी आई आणि त्या शेजारशेजारच्या मशिनींवर बसत, आणि मी बाहेर निंबाखाली झोळीत असे. आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच. पदवी मिळाल्यावर कोणाकोणाच्या पाया पडून यायचं ते आईनं सांगितलं, त्यात अनसाबाईंचं नाव नव्हतं. ते नाव मला जिनातल्या एका म्हाताऱ्या बाईकडून कळलं. हेही तिच्याकडूनच कळलं, की शाळेत असताना ज्या मास्तरांच्या घरी मी जेवत असे, तिथं रोजची भाजी अनसाबाई पाठवत होत्या. एका गावात राहून या दोघी वीसेक वर्षं एकमेकींशी बोललेल्या नाहीत. आता आई माझ्याजवळ अकोल्याला असते आणि तिचा खोकला वाढला आहे. दिवाळीच्या सुटीत मी एकटाच कारंज्याला गेलो. त्यांचा भाचा शंकर याच्या मळ्यात, विहिरीजवळ बसून अनसाबाई बोलल्या ते पुढं दिलं आहे. त्यांना ऐकू कमी येतं म्हणून मी फारसं विचारलं नाही. बोली त्यांचीच ठेवली आहे.

*

बस बापू. तथी नको बसू, वलं हाय, अथी ये. मोठ्यानं बोलत जाय, नाही तं बोलूच नको, मी सांगते न तू लिही. माह्या कानाचं जिनानं वाटोळं केलं. आता पाखरू वरडलं तं मले दिसते, आयकू येत नाही.

काय सांगू तुले माह्या जनमाचं. आमी माळी. हे वावर माह्या बापाचं. वांगे, मेथी, हिरवा सांबार, मुळे, असा सारा भाजीपाला. आमी बहिनी-बहिनी, माय, मोठी काकू, साऱ्या एका वाफ्यात. एकीनं पानी धरलं तं दुसरी वाफा फोडे, एकीनं उपटलं तं दुसरी जुडी बांधे, अन् ज्या बाईचं आंग दुखून राह्यलं असंन ती बांधावर बसून नुसती माती झटके. कोनं किती केलं हे कोनी इचारत नोतं. पाट्या भरल्या का झालं, डोक्यावर घेतल्या न बजारात. हे मी कायले सांगून राह्यली ते पुढे समजीन तुले.

मले मंगरूळपीरच्या पलीकडे देल्ली होती, एका वस्तीत. नवरा भला होता, बोलाचा कमी. एकदा मले उरुसाले घेऊन गेला, दर्ग्याच्या बाहेर बांगड्या भरून देल्ल्या, न सारी वाट एक शब्द बोलला नाही. घरी आल्यावर म्हने, आवडल्या का. असा मानूस. मानमोडीची साथ आली तवा गेला. त्या वस्तीत कोन्या घरात रडनारं कोनी उरलं नोतं, तं कोन कोनाले समजावीन. सासू म्हने, तुह्या पायगुनानं गेला. मी बापाच्या घरी वापस आली. पोटी पोर नोतं. बाप होता तवर बरं, मंग भावजया आल्या. कोनी काही म्हनलं नाही बापू, मी खोटं बोलनार नाही, पन भाकर वाढताना हात कसा थांबते ते बाईले समजते. म्हून मी जिनात गेली.

जीन तू पाहिलं हाय, पन आतून पाहिलं नसंन. लांब पडवी, मधातून एक दांडा गेलेला, तो इंजनावर फिरे, न त्याच्यावरचे पट्टे साऱ्या मशीनीईले फिरवत. मशीनीसमोर आमी बाया. मांग कापसाचा ढीग. हातानं कापूस घ्याचा न रुळावर सोडाचा, रुई पुढे निघे, सरकी खाली पडे. सोपं हाय म्हनशीन. सोपंच हाय. पन रूळ कोरडा फिरू द्याचा नाही. त्याले कातडं राह्यते, कापूस नसला का ते घासून तापते, जळते, मंग आगीचं, इस्त्याचं भेव. म्हून हात थांबवाचा नाही. खाजवाचं असलं तरी एका हातानं खाजवाचं न दुसऱ्या हातानं सोडाचं.

अन् आवाज. काय सांगू तुले, त्या आवाजात बाजूचीचं बोलनं आयकू येत नोतं. रुईची धूळ अशी उडे का नाकात जाये, तोंडात जाये, संध्याकाळी साऱ्या जनी म्हाताऱ्या दिसू, भुया पांढऱ्या. म्हून तोंडाले फडकं बांधाचं. कोनाचं फडकं कोनतं ते साऱ्याईले ठाऊक. कोनाचं धोतराचं, कोनाचं जुन्या चोळीचं. तोंड दिसतच नोतं ना, फडक्यावरूनच मानूस.

आता त्या फडक्याचा रिवाज सांगते, तो तुह्या कामाचा हाय. ज्या बाईले उठाचं हाय, म्हनजे पोराले पाजाचं असंन, कोठी जाचं असंन, तिनं तोंडाचं फडकं सोडाचं न बाजूच्या बाईच्या मशीनीवर ठेवाचं. बोलाचं काहीच नाही. फडकं ठेवलं, म्हनजे मी जाऊन येते, माहं मशीन तुह्या हाती. मंग बाजूची उजव्या हातानं आपलं मशीन न डाव्या हातानं तिचं मशीन चालवे. ते फडकं जिनं ठेवलं तिनंच येऊन उचलाचं. दुसऱ्या कोनी हात लावाचा नाही. अन् ते हाय तवर बाजूचीनं उठाचं नाही, मंग आभाळ पडो. एकदा काशी विसरून फडकं तसंच ठेवून घरी गेली. तिची जोडीन राधा, इंजन बंद होईपर्यंत दोन्ही मशिनी चालवत बसली. मंग तिच्या दारात जाऊन म्हने, घे माय तुहं फडकं, अन् माहे हात वापस दे. आमी किती दिवस हसलो.

तुही माय आली ते मले आठवते. सीता. तुहा बाप कापसाच्या गाड्या हाके, तुमी तिकडे मानोऱ्याकडून आलते. आल्या आल्या मले म्हने, वो बाई, सरका जराशा, तुमच्या मशीनीनं माही अर्धी जागा खाल्ली. मी म्हनलं, मशीन माह्या बापाचं हाय का, जाय मालकाले सांग. तं म्हने, मालकाले कायले, मशीनीलेच सांगते, न मशीनीले हात जोडून म्हने, मशीनबाई, सरका. मी हसली. नवरा गेल्यापासून हसली नोती. त्या दिवसापासून आमची जोडी झाली.

तुह्या मायचं फडकं पांढरं होतं, जुन्या लुगड्याचं, न त्याले तिनं चारी आंगानं लाल दोऱ्याचा टाका घातला होता. मी म्हने, तोंडाले बांधाच्या चिंध्याले कायले टाके घालते वो. ती म्हने, तुले दुरून दिसाले पाहिजे ना. तू झाला तवा ती फार दिवस घरी बसली नाही, लवकर आली, तुले निंबाखाली झोळीत टाके. तू किरकिरा पोट्टा होता, राग नको मानू. जराजरा पेत होता न उलट्या करत होता. म्हून घडीघडी उठा लागे तिले. माह्या मशीनीवर ते लाल टाक्याचं फडकं दिवसातून कितीक खेपा येऊन पडे. मले कधी जड गेलं नाही. हाताले सवयच पडली होती, उजवा माहा, डावा तिचा.

दौलत मुकादम होता आमचा. तो संध्याकाळी ओळीच्या मांग येऊन ढीग पाहे. ढीग संपला का ओळीची मजुरी सारखी. काशी सुस्त होती, मी झपाटून काम करे, पन मजुरी सारखी. आमी काशीले शिव्या द्याचो न तिच्या वाट्याचं करून बी टाकाचो. असं ते चाललं होतं.

मंग एका दसऱ्याले नवीन मशिनी आल्या. लहान आगगाडीनं मुर्तिजापूरहून खोकेच्या खोके आले, न संगं मॅनेजर आला. टोपीवाला, बारीक आवाजाचा. वाईट बोलत नोता तो. आजवर मले कोनी इचारलं ना का अनसा, तो राक्षस होता का, तं मी म्हनते नाही, तो हसून बोले. नव्या मशिनी जुन्याईच्या दुप्पट कापूस खात. अन् एकेका मशीनीसमोर एक लाकडाची पेटी. माह्या मशीनीची रुई माह्या पेटीत, तिच्या मशीनीची तिच्या पेटीत. बाहेर लोखंडाचा मोठा वजनकाटा बसवला. संध्याकाळी एकेक पेटी काट्यावर. जिची रुई जास्त तिच्या मशीनीवर दुसऱ्या दिवशी पांढरा टिनाचा बिल्ला, जिची कमी तिच्या मशीनीवर काळा. आमी अडानी, वाचता येत नाही, पन काळं-पांढरं तं दिसते ना. मॅनेजरनं मोठं डोकं लावलं होतं.

अन् खरं सांगू, आमाले आवडलं. साऱ्या ओळीले आवडलं. राधा म्हने, बरं झालं, आता काशीले समजंन. काशी म्हने, माही काळजी करू नको, तू आपला चेहरा पाय, बिल्ल्यासारखाच हाय. हसलो आमी. आमाले काय ठाऊक.

पयल्या आठवड्यात हसनं होतं. दुसऱ्या आठवड्यात बाया एकमेकीच्या पेटीत पाहाले लागल्या. कापूस तं मांगं एकाच ढिगाचा, त्यात काही साफ, काही कवडी, म्हनजे किडका, डागाचा. आधी जो हातात येईन तो घ्याचो. आता साफ-साफ कापूस आपल्या आंगाले वढाचा न कवडी दुसरीकडे लोटाची. राधा न काशी, इतक्या वर्साच्या जोडीनी, ढिगावरून केस धरले एकमेकीचे. दौलत मुकादम सोडवाले गेला तं मॅनेजर म्हने, राहू दे, चुरस चांगली असते.

मंग हुकूम निघाला का चालू मशीन सोडून कोनी उठाचं नाही. भोंगा वाजंन तवाच उठाचं, तवाच पोराले पाजाचं. जी उठंन तिले घरी, न जी दुसरीचं मशीन चालवंन तिले बी घरी. जिचं काम तिनंच करावं, म्हने, म्हनजे कोनावर अन्याव होनार नाही. शब्द पाय कसे चांगले हाय.

आता तुले भोंगा समजत होता का? तू रडे. निंबाखालून तुहं रडनं त्या आवाजात आयकू येत नोतं, पन तुह्या मायची मान तिकडे वळे. मॅनेजर इंजनाकडे गेला का ती माह्याकडे पाहे, न फडकं ठेवे. मी ठेवू देये. काहून नाही देनार. दौलत मुकादम पाठ करून उभा राहे, त्यानं कधी सांगितलं नाही.

पन मशिनी नव्या होत्या बापू. जुन्या मशिनी दोन सांभाळता येत होत्या, ह्या दोन सांभाळनं मानसाच्या हाताचं काम नोतं. दोन्हीतलं एक उपाशी राहेच. अन् माहा हात, काय सांगू तुले, माहा हात आपोआप डावीकडे जाये. आपल्या मशीनीले म्हनता येते का थांब जरा, दुसऱ्याचं ठेवलेलं कसं उपाशी ठेवाचं. म्हून तिचं मशीन भरभरून चाले न माहं अर्धं रिकामं. संध्याकाळी काट्यावर तिची पेटी भारी, माही हलकी. तिच्यावर पांढरा, माह्यावर काळा. पयले दोन-चार दिवस ती म्हने, अनसाबाई, हे बरोबर नाही वो, मी मुकादमाले सांगते. मी म्हनलं, सांगशीन तं दोघी बी घरी जाऊ, गुमान राय. मीच म्हनलं. हे बी लिही.

पन रोज काळा बिल्ला पाहून मनाले काय होते ते मी तुले कसं सांगू. मी कामाची बाई. बापाच्या वावरात माह्या हातची जुडी बजारात वळखू येये. अन् येता-जाता पोरीसोरी म्हनत, काय वो अनसाबाई, आता बसून झोपता का. मी काय सांगू त्याईले? सांगताच येत नोतं. आधी साऱ्या ओळीले ठाऊक राहे का कोन कोनाचं करून राह्यलं. आता फक्त पेटी बोले, न पेटीले एवढंच ठाऊक का रुई कोन्या मशीनीतून निघाली. कोन्या हातानं टाकली ते पेटीले काय माहीत.

संक्रांत जवळ आली. त्या दिवशी सकाळी तू लय रडला. मॅनेजर आत नोता, तुही माय फडकं ठेवून गेली न लवकर आली नाही. मी दोन्हीकडे टाकत होती, टाकत होती, न एका घडीले माह्या मशीनीतून धूर निघाला. रूळ कोरडा फिरला, कातडं जळलं. पयत आले लोक, पट्टा पाडला, इस्तो लागला नाही. मॅनेजरले समजलं. तो वरडला नाही. भोंगा लवकर वाजवाले लावला न साऱ्या बायाईले बाहेर बोलावलं, काट्याजवळ. तुही माय तवा निंबाखालीच होती. साऱ्या बाहेर आल्या, त्यात ती मिसळली, तिचं उठनं कोनाले समजलं नाही. फडकं राह्यलं माह्या मशीनीवर.

मॅनेजरच्या हातात लुगडं होतं. हिरवं, लाल काठाचं. बक्षीस ठेवलं होतं संक्रांतीचं, जिचे पांढरे बिल्ले जास्त तिले. तुह्या मायले पुढे बोलावलं. म्हने, हिच्याकडे पाहा, हिचं मशीन एक घडी रिकामं फिरलं नाही. मंग मले बोलावलं. म्हने, अन् हिच्याकडे पाहा, दोघींच्या मशिनी सारख्या, कापूस एका ढिगाचा, बसते बाजूले बाजू, न हिचा रूळ जळते. मंग तुह्या मायले इचारलं, हसून इचारलं, काहून का त्याले साऱ्याईले दाखवाचं होतं. सीताबाई, हे सारं तुम्ही एकट्यानं काढलं ना?

तुही माय जराशी थांबली. लय नाही. मंग म्हने, हो जी.

बस. इतकंच. एका हातानं त्यानं तिले लुगडं देल्लं न दुसऱ्या हातानं मले आंगन दाखवलं. उद्यापासून उन्हात बसून कवडी निवडाची, मशीनीवर नाही.

तू शिकेल हायस, तू म्हनशीन का ती काय करंन. मले ठाऊक हाय. तिनं नाही म्हनलं असतं, अनसानं बी काढलं म्हनलं असतं, तं हुकमाप्रमानं दोघी बी घरी. तुहा बाप तवा खाटेवर पडेल होता. तू झोळीत होता. मीच तिले गुमान राय म्हनलं होतं. हे मले ठाऊक नाही का? मी काय मूर्ख हाय? त्या हो जीचा राग मले नाही, नोता बी. पन मंग मांगून यावं ना. संध्याकाळी माह्या दारात यावं, बसावं, काही बोलू नये, नुसतं बसावं. मी वाट पाह्यली. चूल पेटवली नाही, का कोनी आलं तं धुरात कायले बसवाचं. आली नाही. दुसऱ्या दिवशी मी मशीनीवरून माहं शिदोरीचं गाठोडं घ्याले गेली तं फडकं तथीच होतं, लाल टाक्याचं. तुही माय तिच्या मशीनीवर बसेल, तोंडाले दुसरं फडकं. नवं. मी तिच्याकडे पाह्यलं, तिनं रुळाकडे पाह्यलं. मी ते फडकं घेतलं. रिवाज नोता, ज्याचं त्यानंच उचलाचं, पन तथी सोडाचं तरी कोनाच्या भरोशावर. माह्या जागी दुसरी कोनी पोरगी बसनार होती.

अन् त्या पोरीनं तुह्या मायचं फडकं घेतलं नाही बरं. मले काशीनं सांगितलं. तुह्या मायनं ठेवलं तं त्या पोरीनं उचलून खाली फेकलं. म्हने, माहा बिल्ला काळा होईन. त्याच्यानंतर त्या जिनात कोनी कोनाच्या मशीनीवर फडकं ठेवलं नाही.

मी आंगनात. उन्हात बसून कवडी निवडाची, डाग पडेल बाजूले, साफ बाजूले. अन् निंब तथीच. तू तथीच झोळीत. माय आत, भोंग्याची वाट पाहून राह्यली, न तू अथी गळा फाडून राह्यला. मी किती घडी आयकू? झोळीची दोरी पायाच्या आंगठ्याले बांधली न हातानं कवडी निवडत गेली. दुपारी भावाच्या शेळीचं दूध आनून तुले बोळ्यानं पाजलं. ते तुले पचलं, मायचं पचत नोतं, असा तू. भोंगा वाजला का मी दोरी सोडे न आंग वळवून बसे. तुही माय येये, तुले घेये, पाजे, जाये. एका निंबाखाली आमी दोघी, पाठीले पाठ. तिले दिसतच होतं ना, दोरी कोनाच्या पायातून सुटली ते. ती कधी बोलली नाही. मी बी नाही. मायवर राग होता, तुह्यावर कायले धरू. मंग तू चालाले लागला, झोळी सुटली, तेही संपलं.

होळीले ती ते लुगडं नेसून देवळात आली. मी तोंड फिरवलं.

तुही माय मंग ओळीची पुढची बाई झाली, नव्या पोरीईले शिकवे. मी आंगनातच म्हातारी झाली. जिनात मंग काय-काय आलं. कोयशाचं इंजन गेलं, तेलाचं आलं. आता तं एक मोठा पाइप हाय म्हने, वरून कापूस वढून घेते, ढीग नाही न ढिगाचं भांडन नाही. बाया बी थोड्याच. दर आठवड्याले त्याईच्या जागा बदलतात, म्हनजे कोनाची जोडी जमू नये. मांगं दवाखान्याजवळ एक पोरगी भेटली, जिनातलीच. मी इचारलं, तुह्या बाजूले कोन बसते वो. तिले ठाऊक नोतं. म्हने, आजी, नाव कायले पाहिजे, बोलाचं थोडंच हाय. काळे-पांढरे बिल्ले आता नाही, म्हने, आता ते हापिसात लिहून ठेवतात, कोनाले दिसत नाही. म्हनजे आता शेजारीनचं काळं का पांढरं तेही ठाऊक नाही. मले वाटलं, त्याहून तं आमचे टिनं बरे होते, भांडाले तरी तोंड समोर होतं.

खोकला मले बी हाय. तुह्या मायले हाय म्हनतोस. असनारच. एकाच पडवीतली रुई खाल्ली दोघीईनं.

भाजीचं म्हनतोस? ते काही उपकार नाही. मास्तरच्या घरी भाजी जाये, तू तथी जेवे, इतकंच. शंकरची मेथी अशीही जास्त होये. आता बी दुपारी मी अथी बसून जुड्या बांधते, शंकरची बायको उपटते. ती दुप्पट उपटते न मी अर्ध्या बांधते, न संध्याकाळी ती मले काहीच म्हनत नाही. मले कधी-कधी रडू येते त्याच्यानं.

फडकं? हाय. उतरंडीत हाय. जाळीन म्हनलं, जाळलं नाही. चुलीवरचं गंजं उतरवाले घेईन म्हनलं, तेही नाही केलं. तू मांगू नको, मी तुले देनार नाही. तुहं नाही ते. तुह्या मायले सांग, तिनं सोता यावं, अथी, माह्या दारात, न आपलं फडकं उचलून घेऊन जावं. मंग तिचं-माहं काही राह्यलं नाही. नाही आली तं पडून राहीन, मी मेल्यावर शंकर फेकून देईन.

तू मास्तर झाला, बरं झालं. सुखी राय. वर्गात पोट्ट्याईले बिल्ले वाटत जाऊ नको, एकमेकाच्या पाटीत पाहू देत जाय. आता जाय, गाडी चुकंन तुही. ही मेथी घे. कोन्या वावरातली हाय ते मायले सांगू नको.

*

अकोला

तीर्थरूप अनसामावशी यांस,
नामदेवचा साष्टांग नमस्कार.

हे पत्र शंकरदादा वाचून दाखवतील. त्यांनी कृपा करून मोठ्यानं वाचावं.

मेथी कोणत्या मळ्यातली ते मी सांगितलं नाही. आईनं जुडी हातात घेतली, तिची गाठ पाहिली आणि सोडायला मला दिली. स्वतः सोडली नाही. जेवताना भाजी मात्र दोनदा मागून घेतली.

तुम्ही बोललात ते सगळं मी आईला वाचून दाखवलं. तुम्हाला न विचारता वाचलं, त्याबद्दल क्षमा असावी. ती आता उठून बसू शकत नाही, भिंतीला टेकवून बसवावं लागतं. डॉक्टर स्पष्ट काही बोलत नाहीत. तिनं मध्ये एकदाही थांबवलं नाही. वाचून झाल्यावर म्हणाली, लुगडं हिरवं नव्हतं, जांभळं होतं, तिनं तोंड फिरवलं तर रंग कसा दिसणार.

मी विचारलं, आणि बाकीचं? तर म्हणाली, बाकीचं बरोबर आहे. मी हो म्हणाले ते म्हणाले. आज विचारलं तरी हो म्हणेन, पोरगं झोळीत होतं. आणि संध्याकाळी तिच्या दारात का गेली नाहीस, हे मी विचारलं तेव्हा तिनं तोंड भिंतीकडे केलं.

मावशी, माझ्या शिक्षणाचं, नोकरीचं लोक कौतुक करतात. ते ऐकताना मला आता तुमच्या पायाच्या अंगठ्याला बांधलेली दोरी आठवते. ते ऋण फेडण्याची माझी योग्यता नाही. एवढंच वाटलं होतं की तुमचा निरोप पोचवावा आणि आईला कसंही करून तुमच्या दारी आणावं. ते आता होईलसं दिसत नाही. गाडीचा प्रवास तिला झेपणार नाही.

म्हणून काल तिला म्हटलं, मावशींना लिहितो की फडकं टपालानं पाठवून द्या. ती एकदम माझ्याकडे वळली. म्हणाली, पाठवू नको म्हणावं. ठेवलं आहे तिथंच राहू दे. मी अजून आले नाही.

आपला,
नामदेव